दिव्यांग उमेदवाराचा मेंटॉर: कोण, कुठे आणि गाठायचा कसा

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्या सुमारास रोजगार मेळावे भरतात, व्यासपीठावर भाषणे होतात आणि हल्ली त्यांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘एखादा चांगला मेंटॉर गाठा.’ गाठायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, मेंटॉर म्हणजे ओळखीचा साहेब. मग तसा साहेब शोधण्यात वर्ष निघून जाते.

ही अडचण दिव्यांग उमेदवारालाच जास्त का येते, हे आधी पाहू. इतर मुलांच्या घरात कोणी काका बँकेत असतो, मावशी शाळेत असते. नोकरीत बढती कशी होते, साहेबाशी कसे बोलतात, रजा कशी मागतात, हे त्यांच्या कानावर जेवताना पडत असते. कर्णबधिर मुलीला कर्णबधिर अकाउंटंट सहसा बघायलाच मिळत नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या महाराष्ट्रातल्या सुमारे २९ लाख ६३ हजार. देशभरातल्या या लोकांपैकी काम करणारे होते साधारण ३६ टक्के. म्हणजे अनुभवी माणसे आहेत, पण विखुरलेली आहेत. ती मुद्दाम शोधावी लागतात.

मेंटॉर म्हणजे कोण, आणि कोण नव्हे

मेंटॉर म्हणजे तुम्हाला ज्या वाटेने जायचे आहे त्या वाटेवर तुमच्यापेक्षा पाच-दहा वर्षे पुढे असलेला आणि काही महिने अधूनमधून तुमच्याशी बोलायला तयार असलेला माणूस. तो नोकरी देत नाही. नोकरी लावून देणारी ती प्लेसमेंट संस्था. पैसे घेऊन मुलाखतीची तयारी करून घेणारा तो करिअर कोच. कामाच्या जागी सुरुवातीचे काही आठवडे शेजारी उभे राहून काम शिकवणारा तो जॉब कोच. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या उमेदवारांना अनेकदा मेंटॉरच्याही आधी त्याचीच गरज असते.

हा फरक माहीत नसला की पहिल्याच फोनवर ‘सर, तुमच्या कंपनीत काही होईल का?’ असे विचारले जाते. समोरचा माणूस अवघडतो, कारण भरती त्याच्या हातात नसते. पुढचा फोन तो उचलत नाही.

एक नव्हे, दोन माणसे

बहुतेकांचा शोध एका ठिकाणी अडतो. आपल्याच क्षेत्रातला, आपल्यासारखेच दिव्यांगत्व असलेला, आपल्याच शहरातला आणि वेळ देणारा, असा एकच माणूस त्यांना हवा असतो. तो सापडत नाही. म्हणून हे काम दोघांत वाटा.

एसटी स्टँडचे उदाहरण घ्या. चौकशीच्या खिडकीवर गाडी किती वाजता सुटते आणि कुठे बदलायची ते कळते. पण ती फलाटावर प्रत्यक्ष कुठे लागते, पायरी किती उंच आहे, कोणता कंडक्टर कुबड्या घेऊन चढायला वेळ देतो, हे त्या मार्गाने रोज जाणाराच सांगू शकतो. तुम्हाला दोघेही हवेत.

पहिला माणूस क्षेत्राचा जाणकार. त्याला दिव्यांगत्व असायलाच हवे असे नाही. जीएसटीच्या कामात नवख्याकडून काय अपेक्षित असते, कोणता कोर्स वाया जातो, सुरुवातीला पगार किती मागावा, हे तो सांगेल. दुसरा माणूस तुमच्यासारखेच दिव्यांगत्व घेऊन नोकरी करणारा. त्याचे क्षेत्र वेगळे असले तरी चालते. विमा कंपनीतला अंध अधिकारी आणि शाळेतला अंध शिक्षक यांचे काम वेगळे, पण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, न चालणाऱ्या फॉर्मचे काय करायचे हे दोघांनाही ठाऊक असते.

या दुसऱ्या माणसाकडून कळणाऱ्या गोष्टी कुठल्या माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. ऑनलाइन चाचणीची लिंक आली की ती उघडण्याआधीच ‘हा प्लॅटफॉर्म स्क्रीन रीडरवर चालतो का, ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न आहेत का’ हे लेखी विचारावे, कारण घड्याळ सुरू झाल्यावर तक्रार ऐकली जात नाही. कर्णबधिर उमेदवाराने बायोडेटात मोबाइल नंबरापुढेच ‘फक्त व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल’ असे लिहावे. नाहीतर एचआर दोनदा फोन करते आणि ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद करून मोकळी होते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याने ‘रॅम्प आहे का’ एवढेच विचारू नये. रॅम्प असतो, लिफ्ट असते, आणि स्वच्छतागृहाचे दार अरुंद निघते. ते मोकळे ९० सेंटीमीटर आहे का, हे विचारायचे.

न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाला तर हा माणूस जास्तच लागतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत सिकल सेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही येतात. गडचिरोली किंवा नंदुरबारकडचा सिकल सेल असलेला तरुण बाहेरून धडधाकट दिसतो. पण पाणी कमी पडले, थंडी लागली, अति दमणूक झाली की वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडगार गोदामातली रात्रपाळी घ्यावी का, याचे उत्तर क्षेत्राचा जाणकार देऊ शकणार नाही. तो आजार घेऊन दहा वर्षे नोकरी केलेला माणूस देईल.

ही माणसे सापडतात कुठे

सुरुवात सरकारी दारापासून करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची नॅशनल करिअर सर्व्हिस केंद्रे आहेत. मुंबईतले केंद्र सायनच्या एटीआय आवारात आहे. जुनी मंडळी त्याला अजून व्हीआरसी, म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र, म्हणतात. तिथे क्षमता तपासतात, प्रशिक्षण देतात. ‘इथून नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या दोघांशी बोलता येईल का?’ असे आपण होऊन विचारायचे, कारण त्यासाठी वेगळी खिडकी नसते.

मग संस्था. दृष्टिदोषासाठी वरळीची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेंट झेवियर्स कॉलेजातले झेवियर्स रिसोर्स सेंटर, पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, जिथे भारतीय सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रमही चालतात. अस्थिव्यंगासाठी कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड. सगळ्या प्रकारांसाठी बेंगळुरूची एनेबल इंडिया. गोव्यात २०२३ पासून पर्पल फेस्ट भरतो, तिथे देशभरातून नोकरी-व्यवसाय करणारी दिव्यांग मंडळी येतात. भाषणांपेक्षा चहाच्या रांगेत ओळखी होतात. संस्थेत गेलात की नोकरी मागण्याआधी माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे का ते विचारा. बहुतेक वेळा खरा खजिना तोच असतो.

आता एक वाट, जी फारच कमी उमेदवार वापरतात. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने दरवर्षी बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. साध्या भाषेत, कंपनी समाजाशी आणि पर्यावरणाशी कशी वागते याचे प्रगतिपुस्तक. त्यात दिव्यांग कर्मचारी आणि कामगार किती, स्त्रिया किती, पुरुष किती, हे आकड्यांत द्यावे लागते. कार्यालये दिव्यांगांना वापरता येतील अशी आहेत का आणि समान संधी धोरण आहे का, हेही सांगावे लागते. अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर वार्षिक अहवालासोबत फुकट मिळतो. तो उघडायचा, शोधाच्या चौकटीत ‘डिफरंटली एबल्ड’ हे शब्द इंग्रजीत टाकायचे. जिथे आकडा शून्य आहे तिथे अनुभवी माणूस शोधण्यात अर्थ नाही. जिथे तो शंभराच्या पुढे आहे, तिथे लिंक्डइनवर त्या कंपनीचे नाव आणि दिव्यांगत्वाशी जोडलेला एखादा शब्द टाकून शोधा. आपल्या अनुभवाविषयी उघडपणे लिहिणारी माणसे बहुधा बोलायलाही तयार असतात.

क्षेत्राच्या जाणकारासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे आपले कॉलेज. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती शहर आणि कामाप्रमाणे गाळता येते. ‘मी तुमच्याच कॉलेजचा’ हे वाक्य अजूनही चालते.

पहिला निरोप

‘तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?’ असे पहिल्या निरोपात विचारणे म्हणजे तोंडओळख होण्याआधीच सुपारी फोडण्यासारखे आहे. किती महिने, किती वेळ, काय काय करावे लागेल, याचा समोरच्याला अंदाज येत नाही आणि भला माणूसही गप्प बसतो. मागायची ती वीस मिनिटे आणि विचारायचा तो एक नेमका प्रश्न. साधारण असे लिहा:

‘नमस्कार मॅडम. मी साताऱ्यात बीकॉम केले आहे आणि लेखा विभागात पहिली नोकरी शोधतो आहे. मला अंशतः दिसते. संगणक स्क्रीन रीडरवर वापरतो. तुम्हीही स्क्रीन रीडर वापरून याच क्षेत्रात काम करता हे तुमच्या लेखातून कळले. रोजच्या कामात स्कॅन केलेली बिले तुम्ही कशी वाचता, एवढे एकच समजून घ्यायचे आहे. येत्या दोन आठवड्यांत वीस मिनिटे फोनवर बोलता येईल का? लिहून उत्तर देणे सोयीचे असेल तर तेही चालेल.’

यात काय नाही ते पाहा. घरची परिस्थिती नाही, ऑपरेशनचा इतिहास नाही, ‘मदतीची नितांत गरज’ नाही. करुणा जागवली की माणूस आशीर्वाद देतो किंवा पाचशे रुपये देतो. प्रश्न चांगला असेल तर उत्तर देतो. बायोडेटाही पहिल्या निरोपाला जोडू नका. जोडला की तो निरोप नोकरीचा अर्ज होतो.

‘दिव्यांग’ लिहावे की ‘अपंग’? सरकारी कागदावर दिव्यांग हाच शब्द आहे, पण चळवळीतल्या अनेकांना तो आवडत नाही. समोरचा माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो वापरा. नाहीतर वर केले तसे, दिसते किती आणि काम कसे करतो एवढेच सांगा.

भेट ठरवताना

भेटीची सोय हाही पहिला धडा समजा, कारण नोकरीत हेच रोज करायचे आहे. व्हिडिओ कॉल असेल तर मथळे, म्हणजे बोललेले पडद्यावर अक्षरांत दिसण्याची सोय, चालू ठेवायला सांगा. मराठी-इंग्रजी मिसळून बोलले की ते मथळे चुकतात, म्हणून महत्त्वाचे शब्द चॅटमध्ये टाइप करण्याची विनंती आधीच करा. सांकेतिक भाषेचा दुभाषा येणार असेल तर मेंटॉरला सांगा, की बोलताना दुभाष्याकडे नव्हे, तुमच्याकडे बघायचे. बोलायला वेळ लागत असेल तर वीसच्या जागी चाळीस मिनिटे मागा आणि कारण एका वाक्यात द्या.

आईवडील सोबत बसणार असतील तर त्यांनी ऐकावे. प्रश्न उमेदवाराला आणि उत्तर बाबांचे, असे दोनदा झाले की मेंटॉर नकळत बाबांशीच बोलू लागतो आणि उमेदवाराविषयी त्याला काहीच कळत नाही.

पहिली भेट जमली तर शेवटी विचारा: ‘तुम्ही सांगितलेले करून महिन्याभराने कळवू का?’ बहुतेक लोक हो म्हणतात, आणि मेंटॉर ‘होतो’ तो इथे. पुढे महिन्यातून एकदा अर्धा तास, सहा महिने. प्रत्येक भेटीनंतर दुसऱ्या दिवशी तीन ओळी पाठवायच्या: काय ठरले, मी काय करणार, कधीपर्यंत. बायोडेटा दुसऱ्या भेटीत दाखवा, सरावाची मुलाखत तिसऱ्या-चौथ्या भेटीत घ्यायला सांगा. मुलाखत घेताना दिव्यांगत्वाविषयीचे अडचणीचे प्रश्नही विचारायला सांगा, कारण ते प्रत्यक्षात येतातच: ‘एकटे येणार कसे?’ ‘दौरे जमतील का?’

‘दिव्यांगत्व सांगावे की लपवावे?’

मेंटॉरला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असावा. सरकारी राखीव जागेसाठी प्रश्नच नाही. प्रमाणपत्र अर्जातच लागते. खासगी नोकरीत सांगण्याचे तीन टप्पे आहेत: बायोडेटात, मुलाखतीचे बोलावणे आल्यावर, किंवा नोकरीचे पत्र हातात आल्यावर. सरसकट उत्तर नाही, पण चालणारा एक नियम आहे. जिथे सोय लागणार, त्याच्या एक पायरी आधी सांगा. चाचणीतच स्क्रीन रीडर लागणार असेल तर चाचणीआधी. महिन्यातून एक-दोनदा रक्त घ्यायला जावे लागत असेल आणि मुलाखतीशी त्याचा संबंध नसेल, तर पत्र मिळाल्यावर रुजू होण्याआधी.

सांगतानाही आजाराचे नाव आणि टक्केवारी मागे ठेवा, कामाची पद्धत पुढे. ‘मला ७५ टक्के कर्णबधिरत्व आहे’ यावरून व्यवस्थापकाला काय करायचे ते कळत नाही. ‘सूचना लेखी द्या, बैठकीत मथळे चालू ठेवा, बाकी काम मी इतरांसारखेच करतो’ यावरून कळते. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात: मालकावर न पेलणारा बोजा न टाकता कामात किंवा जागेत केलेला आवश्यक बदल. अनेक सोयी फुकट असतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. व्यवस्थापकाला हे माहीत नसते आणि तो मनातल्या मनात लाखाचा खर्च धरून बसतो.

कायद्याची पकड कुठवर आहे, तेही माहीत हवे. नोकरीत भेदभाव न करण्याचे आणि वाजवी सोय देण्याचे थेट बंधन २०१६च्या कायद्याच्या कलम २० ने सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी कंपनीला कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावे लागते; २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही हवी. मुलाखतीआधी ते धोरण वाचा. सोय मागताना ‘मला हवे आहे’ पेक्षा ‘तुमच्या धोरणात आहे’ हे वाक्य हलके जाते. तक्रारीची वेळ आलीच तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे.

‘चार टक्के आरक्षण आहे, मग मेंटॉर कशाला?’

कारण सरकारी नोकरीतले हे आरक्षण जागेला आहे आणि जागा प्रकारानुसार ठरलेली आहे. त्याच कायद्याच्या कलम ३४ चे ४ टक्के चार गटांत वाटलेले आहेत: अंध-अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग व संबंधित प्रकार, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. शिवाय कोणते पद कोणत्या प्रकाराला योग्य, याची यादी सरकार ठरवते. जाहिरातीत ‘ओएल’, ‘बीएल’, ‘एचएच’, ‘एलव्ही’ अशी अक्षरे दिसतात ती तिथून येतात: एक पाय, दोन्ही पाय, कमी ऐकू येणारे, अल्पदृष्टी. पुढे त्या कामाला बसणे, उभे राहणे, वाकणे, वाचन-लेखन यांतले काय लागते तेही लिहिलेले असते. एक हात बाधित असलेल्याने ‘एक पाय’ लिहिलेल्या पदाला अर्ज केला की फी आणि वर्ष दोन्ही जाते. परीक्षेत लेखनिक घ्यायचा की तासाला २० मिनिटांचा जादा वेळ घेऊन स्वतः लिहायचे, हा निर्णयही त्यातून गेलेल्या माणसाशी बोलूनच घ्यावा; लेखनिकाबरोबर सराव न करता परीक्षेला बसणे ही नेहमीची चूक आहे.

‘मी गावात राहतो, इंग्रजीही येत नाही’

गावाची अडचण फोनने बरीच संपवली आहे, नेटवर्क असेल तर. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवून प्रश्न विचारणे पुरते. सांकेतिक भाषेत बोलणाऱ्यांनी छोटा व्हिडिओ पाठवावा. इंग्रजीचे म्हणाल तर निरोप मराठीतच पाठवा. पण मराठी मेंटॉरबरोबर काम करताना एक गोष्ट इंग्रजीत पक्की करून घ्या: आपली ओळख, आपले काम आणि लागणारी सोय सांगणारी पाच वाक्ये. बहुतेक मुलाखतींत अडते ते तिथेच.

कुठे सावध राहायचे

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), आधार किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मेंटॉरला लागत नाही. मागितले तर देऊ नका. ‘कोट्यातून लावतो, प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणारा मेंटॉर नव्हेच. दुसरा प्रकार कमी धोक्याचा पण वेळखाऊ: तुमच्यावर व्हिडिओ करायला, सभेत उभे करून ‘प्रेरणा’ म्हणून दाखवायला उत्सुक असलेला. तिसरा, आणि हा दिव्यांग मेंटॉरमध्येही भेटतो: ‘मी कसलीही सोय न मागता इथवर आलो, तूही मागू नकोस.’ त्याच्या कष्टांना मान द्या आणि सल्ला मात्र दुसऱ्या कोणाला तरी विचारून घ्या. त्याने सुरुवात केली तेव्हा १९९५चा जुना दिव्यांग कायदा होता, आरक्षण ३ टक्के होते, आणि खासगी कंपनीला असे कुठलेही धोरण जाहीर करावे लागत नव्हते.

उत्तरच आले नाही तर

बहुतेकदा येत नाही. दहा दिवसांनी दोन ओळींची एकच आठवण पाठवा, तीत पहिला प्रश्न पुन्हा लिहा, म्हणजे जुना निरोप शोधावा लागणार नाही. तरीही शांतता असेल तर तो विषय सोडा आणि यादीतल्या पुढच्या नावाला लिहा. म्हणून पहिल्याच दिवशी यादी दहा नावांची करायची: पाच क्षेत्राची, पाच अनुभवाची. दोन-तीन उत्तरे आली तरी काम भागते.